दोरीसाठी निघालेला नॅनोधागा: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमआयडीसीतलं आहे. कारखान्याचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. धाग्याचे आकडे ट्रायलच्या वहीतले आहेत; दर मात्र मुद्दाम मोघम ठेवले आहेत. मी सल्लागार म्हणून यात तिसऱ्या महिन्यात आलो. त्याआधीचं जे लिहिलं आहे ते वहीवरून आणि लाइनवरच्या मंडळींकडून ऐकून.

पार्श्वभूमी

कारखाना छोटा. दोन लाइन, तीन शिफ्ट, माल एकच: पॉलिप्रॉपिलीनचा मोनोफिलामेंट. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांनी तंगूस डोळ्यांसमोर आणावा, तशीच एकेरी, गुळगुळीत तार. पिळून तिची दोरी होते, विणून गाळणीचं कापड होतं.

करण्याची रीत कुरडयांच्या सोऱ्यापेक्षा फार वेगळी नाही. प्लास्टिकचा दाणा एक्स्ट्रूडरमध्ये वितळतो, डायच्या भोकांतून बाहेर पडतो, पाण्याच्या टाकीत बुडून थिजतो. खरी कारागिरी त्याच्यापुढे. थिजलेली तार रोलरच्या पहिल्या संचावरून गरम ओव्हनमध्ये जाते आणि पलीकडे दुसऱ्या संचावर चढते. हा दुसरा संच पहिल्याच्या सातपट वेगाने फिरतो, त्यामुळे तार ओव्हनमध्येच सातपट लांब ओढली जाते. गुंतलेल्या केसांतून फणी फिरावी तशा प्लास्टिकच्या लांब साखळ्या एका दिशेला लागतात आणि मऊ, लिबलिबीत तारेची ताकद कित्येक पट वाढते. कागदोपत्री याला ड्रॉ रेशो म्हणतात, लाइनवर नुसतं ‘ओढ’. या सगळ्या प्रकरणातला कळीचा शब्द हाच होता आणि पहिले दोन महिने तो कुणाच्याच तोंडी नव्हता.

नेहमीचा माल ४०० डेनियरचा, म्हणजे ९,००० मीटर तारेचं वजन ४०० ग्रॅम. जाडी साधारण पाव मिलिमीटर. ताकद डेनियरला ५.५ ग्रॅम, म्हणजे दर डेनियरमागे एवढा भार पेलून मग तार तुटते.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची मुलगी टेक्स्टाइल शिकून घरच्या धंद्यात आलेली. ती कामगारांची ताई. आणि मुख्य लाइनवर मामा, वीस वर्षांहून जास्त काळ तिथे असलेले ऑपरेटर. बोटांनी तार चाचपून डेनियर सांगणारा माणूस.

मागणी काय होती

कोकणातल्या ट्रॉलरवाल्यांना दोर पुरवणारे एक गिऱ्हाईक होतं. त्यांनी अण्णांना विचारलं, “१२ एमएमच्या दोराचं काम १० एमएमच्या दोराने होईल का? वजन कमी, बोटीवर जागा कमी, माल जास्त विकला जाईल.”

त्याच सुमारास अण्णा मुंबईच्या एका प्रदर्शनात जाऊन आले. तिथे त्यांनी ऐकलं की कार्बनच्या नॅनोनळ्या, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या पोकळ नळ्या, पोलादाच्या शंभरपट मजबूत असतात आणि चिमूटभर घातल्या तरी पुरतात. हे सगळंच काही थापाबाजीचं नव्हतं. जपानच्या सुमिओ इजिमांनी १९९१ मध्ये या नळ्यांची रचना जगापुढे मांडली. २००० साली एकेक नळी दोन टोकांना धरून ओढून मोजली गेली, तेव्हा ११ ते ६३ गिगापास्कल (ताकद मोजायचं एकक) ताकद भरली. चांगली पोलादी तार २ गिगापास्कलच्या आसपास असते. म्हणजे पाच ते तीसपट. शंभर नव्हे, पण तेही कमी नाही. प्रश्न एवढाच, की मोजली होती ती एकटी नळी. अण्णांना ती कोट्यवधींच्या संख्येने, प्लास्टिकमध्ये, एका दिशेला, सुटीसुटी हवी होती.

आणखी एक साधा हिशेब तेव्हा कुणी केला नाही. दोराची ताकद जाडीच्या वर्गाने बदलते. १२ चं काम १० कडून करून घ्यायचं तर १.२ चा वर्ग, म्हणजे १.४४, तार ४४ टक्के मजबूत हवी. त्या साध्या प्रश्नात ४४ टक्के लपले होते. गिऱ्हाइकाच्या मागणीचं पहिल्याच दिवशी आकड्यात भाषांतर करायला हवं होतं. ते मी आल्यावर झालं.

पहिला प्रयत्न: सुटी पूड

नळ्यांची एक किलोची पिशवी आली, उशीएवढी फुगलेली. ही पूड इतकी हलकी असते की किलोभर हातात घेतल्यावर आपल्याला फसवलंय असंच वाटतं. मामांनी ती पंख्याखाली उघडली. ते सांगतात, “सर, पिशवी फाडली आणि समोरचं काही दिसंना. माझ्या मिशा काळ्या झाल्या. रात्री आंघोळ केली तरी रुमालावर काळं येत होतं.”

ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये या नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकलं. बाकी प्रकारांबाबत पुरावा अपुरा ठरवला. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ साली कामाच्या जागी हवेत घनमीटरला १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली. पंख्याखाली उघडलेल्या पिशवीने ती किती पटींनी ओलांडली असेल, याचा अंदाज करावा. मास्क म्हणून होता तो गळ्यातला गमछा.

पूड दाण्याला चिकटावी म्हणून थोडं पांढरं तेल लावून ड्रममध्ये फिरवली, १ टक्का. लाइन सुरू झाल्यावर चाळीस मिनिटांत डायमागच्या जाळीवरचा दाब चढत गेला, मग भोकाभोकाला तार तुटायला लागली. जाळी काढली तेव्हा तिच्यावर डांबरासारखा थर बसला होता. तुटलेल्या टोकांवर बोट फिरवलं की खडा लागायचा.

हे असंच होणार होतं. या नळ्या साधारण १० नॅनोमीटर जाड, दीड मायक्रॉन लांब, आणि एक ग्रॅमचा पृष्ठभाग २५० ते ३०० चौरस मीटर. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. म्हणजे चिमूटभर पुडीत दोन मैदानं. एवढ्या पृष्ठभागाला एकमेकांना चिकटून राहण्याची जबर ओढ असते. त्या गुंतलेल्या लोकरीच्या गुंड्यांसारख्या येतात आणि साध्या एका स्क्रूच्या एक्स्ट्रूडरला त्या सोडवणं जमत नाही. त्याचं काम वितळवून ढकलण्याचं, मळण्याचं नव्हे. न सुटलेली गुंडी धाग्यात गेली की ती बळकटी देत नाही. भाकरीत खडा असावा तशी ती असते. तुकडा तिथेच पडतो.

दुसरा प्रयत्न आणि पेढे

ताईंनी पूड बंद केली. जुळ्या स्क्रूच्या मशीनवर आधीच नीट मळलेला मास्टरबॅच मागवला: पॉलिप्रॉपिलीनमध्ये २० टक्के नळ्या, काळ्या दाण्याच्या रूपात. १०० किलोला अडीच किलो हा दाणा घातला की नळ्या अर्धा टक्का होतात. या सगळ्या प्रकरणातला हा पहिला चांगला निर्णय. धूळ संपली, जाळी तुंबणं थांबलं, तार एका शिफ्टमध्ये दोनदाच तुटली.

आणि ताकद भरली डेनियरला ६.३ ग्रॅम. आधीच्या ५.५ पेक्षा जवळजवळ १५ टक्के वाढ. ऑफिसात पेढे वाटले गेले. अण्णांनी दोरवाल्यांना फोन केला, “अर्ध्या टक्क्यात पंधरा मिळाले. तीन टक्के घातले तर बघा काय होईल!” हे वाक्य मला नंतर तिघांनी वेगवेगळं सांगितलं, त्यावरून त्या दिवसाचा उत्साह कळतो.

मला बोलावलं ते इथे. काम असं होतं की तीन टक्क्यांची कृती बसवून द्यायची.

पहिला निर्णायक टप्पा: तुलनेचा धागा

वहीत काळ्या धाग्याचा निकाल होता आणि पांढऱ्याचा जुना, रोजचा. त्याच दिवशी, त्याच लाइनवर, नळ्या न घालता काढलेला धागा नव्हता. मी मामांना विचारलं, त्या दिवशी आणखी काही बदललं होतं का? ते म्हणाले, “काही नाही सर.” मग थोडं थांबून: “डेनियर जाड येत होता. ४५५ वगैरे. म्हणून मागचे रोल थोडे वाढवले, ४०० वर आणला.”

४५५ वरून ४०० म्हणजे ओढ सातावरून आठावर. काळा दाणा घातल्यावर एक्स्ट्रूडर जास्त माल फेकू लागला होता आणि मामांनी त्यांच्या दृष्टीने अगदी बरोबर तेच केलं होतं. चांगला ऑपरेटर डेनियर राखतोच.

दुसऱ्या दिवशी साधा पांढरा दाणा घेऊन आठाच्या ओढीवर तार काढली. ताकद ६.२. एकाच बॉबिनवरच्या नमुन्यांत ०.३ चा फरक रोजच पडायचा. म्हणजे पेढ्यांचे पंधरा टक्के जवळजवळ सगळे ओढीचे होते; नळ्यांच्या वाट्याला मोजणीच्या चुकीत हरवून जाईल एवढंच उरलं. तार तुटेपर्यंत ताणण्याचं प्रमाणही दोन्हींत सारखंच घटलं होतं, २२ टक्क्यांवरून १७–१८ वर. दोन्ही धागे एकाच कारणाने बदलले याची ती आणखी एक खूण.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे पैसे ढेकळात गेले?” मी म्हणालो, “अण्णा, काळा दाणा घातला नसता तर मामांनी रोल वाढवले नसते. ओढ आठाला चालते हे तरी कळलं.” हे सांत्वन होतं, पण खोटं नव्हतं.

असं का व्हावं

कागदावर बसून हिशेब केला. अर्धा टक्का वजन म्हणजे आकारमानाने पाव टक्का, कारण नळ्या प्लास्टिकच्या दुप्पट जड. आता नळीवर भार चढतो तो आजूबाजूचं प्लास्टिक तिला धरून ओढतं म्हणून. पॉलिप्रॉपिलीनची पकड ढिली. त्याच्या साखळीवर कुठे पकडायला हुकच नाहीत. पकड १० मेगापास्कल (हजार मेगापास्कलचा एक गिगापास्कल) धरली, तर ३० गिगापास्कलच्या नळीला पूर्ण ताकदीने कामाला लावायला ती किमान १५ मायक्रॉन लांब हवी. आपल्याकडे आहे दीड मायक्रॉन, तीही स्क्रूमध्ये तुटून आणखी आखूड झालेली. नळी तुटण्याची वेळच येत नाही. ती म्यानातून तलवार निघावी तशी सरकून बाहेर येते. अशा नळीवर सरासरी भार दीड गिगापास्कलपर्यंत चढतो. त्याचा पाव टक्का केला की पावणेचार मेगापास्कल. धाग्याची स्वतःची ताकद ४४० मेगापास्कल. भर पडते ती शेकडा एकालाही पोचत नाही, आणि हेही सगळं मनासारखं घडलं तर!

मग वाचनात येणारे मोठे आकडे कुठून येतात? तेही खरे आहेत. जॉर्जिया टेकमधल्या सतीश कुमार यांच्या गटाने २००२ मध्ये पीबीओ या अतिमजबूत तंतूत १० टक्के एकभिंती नळ्या घालून ताकद सुमारे ५० टक्क्यांनी वाढवून दाखवली. पण तिथे नळ्यांसोबतच पॉलिमर घडवला होता आणि आम्लाच्या द्रावणातून तंतू काढले होते, सोऱ्यासारखे वितळवून नव्हे. वेगळा पॉलिमर, वेगळी रीत, वीसपट जास्त नळ्या. आपल्या लाइनवर तो आकडा आणायचा तर लाइनच बदलावी लागेल.

उलट ओढीची करामत बघा. डायनिमा नावाने जो धागा विकला जातो तो साध्या पॉलिथिलिनच्या जातीचाच. साखळ्या फार लांब, त्या जेलमधून काढून प्रचंड ओढलेल्या. त्यात पोलादाला मागे टाकणारी ताकद येते आणि भर म्हणून काही घातलेलं नसतं.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात ऑफिसातल्या फळ्यावर पाच गोष्टी लिहिल्या होत्या.

नळ्या तीन टक्के करणं हा अण्णांचा पर्याय. करून पाहिला, आठाच्या ओढीवर तार टिकेना, सहावर आणावी लागली आणि ताकद पांढऱ्यापेक्षा खाली गेली. पकड वाढवायला मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन घालण्याची सूचना ताईंची होती. विचार योग्य, गुंड्या थोड्या अधिक सुटतातही. पण लांबीचा हिशेब तेवढ्याने सुटत नाही. नळ्यांऐवजी ग्राफीनची, म्हणजे अणूएवढ्या पातळ कार्बनची, पत्री घालणं: पाव मिलिमीटरच्या तारेत पत्री ओढीच्या दिशेला लावणं आणखी अवघड, म्हणून तो सोडला. काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मी स्वतः एका वाक्यात उडवून लावली. ताकद देत नाही, धागा ठिसूळ करते, बस. या वाक्याकडे नंतर परत यावं लागणार आहे.

पाचवा पर्याय कुणालाच आवडत नव्हता: नॅनो विसरा, ओव्हन सुधारा.

तोच निवडला. ओव्हनचं तापमान दहा अंशांनी वाढवलं, टाकीतल्या पाण्याची पातळी आणि उष्णता बांधून ठेवली, ओढ हळूहळू नवावर नेली. साध्या पांढऱ्या दाण्यातून डेनियरला ६.९ ग्रॅम मिळाले. म्हणजे मूळच्यापेक्षा २५ टक्के जास्त. ४४ नव्हेत, १० एमएमचा दोर होत नाही, पण ११ चा होतो. त्याची किंमतही मोजावी लागते. ओढ फार वाढली की पॉलिप्रॉपिलीन उभं चिरतं, उसाच्या धाट्यासारखं, आणि गाठीत कमजोर पडतं. दोरवाल्यांना हे आधीच सांगितलं, गाठ मारून तोडून दाखवलं. त्यांनी ११ चा दोर घेतला. नवीन दोरावर ‘नॅनो’ची पट्टी लावू का, असंही विचारलं. अण्णा म्हणाले, “आत काही नाही, वर काय लिहिता?” तो विषय तिथे मिटला.

दुसरा निर्णायक टप्पा: इलेक्ट्रिशियनचा मेगर

इथे प्रकरण बंद व्हायला हवं होतं. पण मास्टरबॅचच्या काही पिशव्या उरल्या होत्या आणि ताईंचं डोकं त्यांच्यावरच होतं.

एके दुपारी त्यांनी काळ्या दाण्यावर मल्टिमीटरच्या दोन सुया टेकवल्या. आकडा उमटला. प्लास्टिकच्या दाण्यातून वीज वाहत होती. मग तीन टक्क्यांच्या ट्रायलमधली, ओव्हनमध्ये जाण्याआधीची, न ओढलेली जाड तार घेतली. दोन्ही टोकांना चॉकलेटची चांदी गुंडाळून चिमटे लावले. सेंटीमीटरभर तारेला काही हजार ओहम. मग त्याच तारेचा ओढलेला नमुना. मल्टिमीटर गप्प. इलेक्ट्रिशियनचा मेगर, म्हणजे विजेचा फार मोठा रोध मोजणारं यंत्र, आणला, तोही अनंत दाखवू लागला.

“सर, तीच तार, तेच प्रमाण. ओव्हनच्या अलीकडे वीज जाते, पलीकडे जात नाही. असं कसं?”

वीज नळीवरून शेजारच्या नळीवर उडी मारत जाते. नळ्या जाळ्यासारख्या एकमेकींना टेकलेल्या असल्या तर वाट सापडते. ओढ दिली की त्या एका दिशेला लागतात आणि एकमेकींपासून दूर जातात, जाळं तुटतं. म्हणजे जी ओढ ताकद देते तीच वीज तोडते. आमच्या सगळ्या ट्रायली ताकदीच्या मागे लागून जास्तीत जास्त ओढीवर झालेल्या. नळ्यांचा जो एकमेव गुण इथे कामाचा होता, तो आम्ही दर वेळी ओव्हनमध्ये मारत होतो.

गिऱ्हाईकही ताईंनीच आठवून काढलं. त्यांच्या ओळखीचे एक जंबो बॅगवाले टनभर पूड मावणाऱ्या पिशव्या विणून परदेशी पाठवायचे. रसायनाची पूड ओतताना घर्षणाने भार साठतो, ठिणगी पडू शकते. त्यासाठीच्या ‘सी’ प्रकारच्या पिशवीत ठरावीक अंतरावर वीजवाहक धागे विणतात आणि भरताना पिशवी अर्थिंगला जोडतात. तो धागा ते बाहेरून, महागात आणत होते. त्यांची अट: विणलेल्या पिशवीचा जमिनीपर्यंतचा रोध १ कोटी ओहमच्या आत.

धाग्याला ताकद किती हवी?

हा प्रश्न विचारायला आम्हाला दोन आठवडे लागले. तोवर आम्ही ओढ आणि वीज दोन्ही सांभाळण्याच्या कसरती कागदावर करत होतो: आत पांढरा गाभा आणि वर काळी साल असा दुपदरी धागा. त्याला दुसरा एक्स्ट्रूडर आणि नवी डाय लागते. कोटेशन बघून अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग जंबो बॅगवाल्यांच्या शेडवर जाऊन कापड बघितलं. बोटाने मोजत गेलो. पांढऱ्या पट्ट्यांमधून दर दोन सेंटीमीटरला एकच काळा धागा. टनाचा भार पांढऱ्या पट्ट्या उचलतात. काळ्या धाग्याचं काम फक्त दोन: मागावर तुटायचं नाही, आणि पिशवी ताणली गेली तर पांढऱ्याच्या आधी तुटायचं नाही. म्हणजे त्याला ताकद नको, ताण सोसायची लवचिकता हवी. आणि लवचिकता कमी ओढीतच मिळते. ज्या दोन गोष्टी आम्ही भांडणात धरून बसलो होतो, त्यांचं इथे भांडणच नव्हतं.

ओढ साडेतीनवर आणली. नळ्या चार टक्के, म्हणजे १०० किलोत २० किलो काळा दाणा. ओढीनंतर धागा १३० अंशांवर किंचित सैल सोडून तापवला. त्याने सरकलेल्या नळ्या पुन्हा एकमेकींना भिडतात. रोध मीटरला ४० ते ६० लाख ओहम आला. मर्यादेच्या आत, पण फार आत नाही. कापडात उभ्याआडव्या धाग्यांची जाळी जोडलेली असल्याने पिशवीवरचा आकडा त्याहून बरा आला.

काय घडलं

पहिले तीन लॉट पास झाले. चौथा पडला. पावसाळ्यात टाकीचं पाणी थंड झालं होतं आणि रात्रपाळीने उत्पादन भरून काढायला लाइनचा वेग वाढवला होता. डेनियर चोख, ताकद चोख, रोध मात्र शंभरपट. डोळ्याला, बोटाला काहीच फरक कळला नाही. मामा हातातली तार उलटसुलट करत म्हणाले, “हे मला चाचपून नाही कळायचं.” तेव्हापासून दर बॉबिनच्या टोकाचा मीटरभर तुकडा कापून मेगरवर लागतो आणि चिठ्ठीवर डेनियरच्या खाली रोध लिहिला जातो.

दुसरी तक्रार वेगळीच आली. मागाच्या फणीवर काळा धागा घासून बारीक भुकटी पडते. रंगाच्या पुडी भरणाऱ्यांना त्याचं काही नाही. पण एक गिऱ्हाईक पांढरी, खाण्यातली पूड भरणारं होतं. त्यांनी शिवणीजवळची काळी रेघ बोटाने पुसून फोटो पाठवला आणि ऑर्डर थांबवली. त्यावर आमच्याकडे आजही उत्तर नाही. तिथे दुपदरी धागा, काळा आत आणि पांढरा बाहेर, कदाचित बरा पडला असता. पण मग वीज बाहेर कशी यायची हा नवा प्रश्न.

लाइन धुणं हा खर्च कुठल्याच हिशेबात धरला नव्हता. काळा माल काढून पुन्हा पांढऱ्यावर यायला जवळजवळ एक शिफ्ट आणि काही गोण्या दाणा जातो. तरीही दोन दिवसांनी पांढऱ्या तारेत मध्येच एखादा करडा पट्टा येतो. काळं भंगार पांढऱ्यात मिसळता येत नाही, ते वेगळ्या ढिगात पडतं आणि भंगारवाला त्याचा भाव निम्मा लावतो.

पैशांचं म्हणाल तर दोरातून मिळालेलं जास्त. धागा स्वतःचा खर्च भागवतो, थोडं उरतं.

आज पुन्हा करायचं तर

तुलनेचा पांढरा धागा पहिल्याच दिवशी, त्याच ओढीवर काढला असता. तेवढ्याने दोन महिने वाचले असते. लांबी आणि पकडीचा हिशेब मास्टरबॅच मागवण्याआधी केला असता. त्याला एक दुपार पुरते. सुटी पूड आतच येऊ दिली नसती. मामांची आणि त्या दिवशी शेडमध्ये असलेल्या चौघांची तपासणी आम्ही करून घेतली, पण फार उशिरा, आणि तीही मी आग्रह धरल्यावर.

माझी स्वतःची चूक काजळीची. तिला फळ्यावरून पुसलं तेव्हा कारण होतं ताकद. वीज वाहायला ती नळ्यांच्या चार ते सहापट, १५ ते २५ टक्के घालावी लागते आणि धागा ठिसूळ होतो, हे खरं. पण पुढे प्रश्नच बदलला. ताकद नकोच होती, ओढ साडेतीनच होती. कारण मेलं होतं, तरी त्याच्यावर काढलेला निर्णय आम्ही तसाच जिवंत ठेवला. काजळी नळ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ती भुकटी जास्त पाडेल का, माग तिला सोसेल का, हे करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण बघायला तरी हवं होतं, आणि ते मागच्या महिन्यात ताईंनी विचारलं. मी नाही.

“सर, तुम्ही काजळी का नको म्हणाला होता?”

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीच्या त्याच पानावर खाली तारीख घातली. आता ट्रायल दिवाळीच्या सुट्टीला लागून ठेवली आहे, म्हणजे त्यानंतर लाइन धुवायला पूर्ण दिवस मिळेल. मामांनी पांढऱ्या दाण्याच्या सहा गोण्या आत्ताच बाजूला काढून ठेवल्यात.